पोचूच्या वायरीवरचा आळ

आमटोल्यात शकुबाईच्या तोंडाला सहसा कुणी लागत नाही. चामोर्शीहून आत वळलं की दोन कोसांवर हे साठ-सत्तर घरांचं गाव. त्यातल्या निम्म्या घरांचा धान शकुबाईच्या टोळीनं रोवलेला आणि तिच्याच टोळीनं कापलेला असतो. तिच्याखेरीज अठरा बायांची टोळी. कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कधी उतरायचं, कुणी कुठं उभं राहायचं, दुपारी किती वेळ टेकायचं, हे सगळं शकुबाई ठरवणार. रोवणीच्या दिवसांत बाया चिखलात ओळीनं वाकून मागं मागं सरकत जातात. शकुबाईची जागा ओळीच्या मधोमध. कुणाचा हात मंदावला की मान वर न करता ती नाव घेऊन हाक घालायची.

"अन्नपूर्णा, धान रोवून राह्यली का कशिदा काढून राह्यली वं?"

अन्नपूर्णा तिची लहानपणापासूनची मैत्रीण, त्यामुळे बोलण्यातला मोठा वाटा तिच्याच पदरात पडायचा. तिला त्याचं काही वाटत नसे. शकुबाईची हाक आली की ओळ सरळ होते, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

गेल्या वर्षीच्या रोवणीत ही हाक येईनाशी झाली. शकुबाई दोन हात रोवायची आणि गुडघ्यावर तळवे टेकून उभी राहायची. पाय सुजायला लागले. ती म्हणाली, चिखलानं सुजले. चार पावलं चालून धाप लागायला लागली, तर म्हणाली, वय झालं. वय चौपन्न! रात्री आडवं पडलं की जीव घुसमटायचा, म्हणून ती भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्या झोपायची. नवऱ्यानं, नथ्थूनं, एकदा विचारलं, तर तिनं त्यालाच झापलं. नथ्थू तसा कमी बोलणारा माणूस. पस्तीस वर्षांच्या संसारात त्याच्या वाट्याला बोलायची पाळी फारशी आली नाही आणि त्यानं कधी तक्रारही केली नाही. त्या वेळी मात्र तो उठून थेट रंजीताकडे गेला.

रंजीता गावातली आशाताई. तिनं येऊन शकुबाईच्या नडगीवर बोट दाबलं. बोट काढलं तरी खळगा तसाच राहिला.

"बाई, हा चिखल नाई," रंजीता म्हणाली. "उद्या गडचिरोलीले जाऊ."

"उद्या सोमाजीच्या बांधीची रोवणी आहे."

"सोमाजी रोवन आपलं आपण. तुमी चला."

गडचिरोलीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि नागपूरला धाडलं. तिथं छातीवर यंत्र फिरवून पडद्यावर हृदय दाखवलं. निरोगी हृदय दर ठोक्याला आपल्यातलं निम्म्याहून जास्त रक्त पुढं ढकलतं. शकुबाईचं जेमतेम पाव भाग ढकलत होतं. कशामुळे, ते नक्की सांगता येत नाही, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कधी एखाद्या जुन्या तापामुळेही होतं. त्यांनी गोळ्या सुरू केल्या, मीठ तोडलं, पाणी मोजून प्यायला सांगितलं. तीन-चार महिन्यांत सूज उतरली, पण धाप काही गेली नाही. तेव्हा फाल्गुनात डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं, की हृदयाच्या दोन्ही बाजूंनी एकदम आवळायला हवं, तुमची डावी बाजू उशिरा आवळते. निम्मी ताकद अशीच वाया जाते. छातीत कातडीखाली एक छोटं यंत्र बसवू, त्यातून तीन बारीक तारा हृदयापर्यंत जातील आणि दोन्ही बाजूंना एकाच वेळी इशारा देतील. सरकारी योजनेत बसतं. शिवाय हृदय कधी भलतंच सैरावैरा पळायला लागलं, तर हेच यंत्र आतून एक दणका देऊन त्याला ताळ्यावर आणेल. असा दणका कधी बसला तर लगेच आम्हाला फोन करायचा.

शकुबाईनं पहिला अर्धा भाग कान देऊन ऐकला, कारण तो तिला चटकन कळला. अर्ध्या बाया पुढं, अर्ध्या मागं, मग ओळ कशी चालणार? दुसरा अर्धा भाग ऐकताना तिचं लक्ष टेबलावरच्या नमुन्याच्या यंत्राकडे होतं. आगपेटीएवढी चपटी, चकचकीत डबी. एवढीशी ती, आणि आपल्याला पुढं ढकलणार!

ढकललं खरं. यंत्र बसवून आठ दिवसांनी ती घरी आली आणि पहिल्या रात्री एका उशीवर आडवी होऊन सकाळपर्यंत झोपली. नथ्थू दोनदा उठून तिच्या नाकापुढं हात धरून बघून गेला. महिन्याभरात ती बोअरिंगवरून पाणी आणायला लागली, एका हातानं का होईना, कारण डावा हात सहा आठवडे खांद्याच्या वर न्यायला बंदी होती. गावातल्या बाया डबी बघायला यायच्या. शकुबाई पदर जरा सरकवून खांद्याखालचा उंचवटा दाखवायची, आणि एकेक बाई बोट लावून "माय वं!" म्हणून हात मागं घ्यायची. रोज सकाळी तोंड धुतलं की ती त्या उंचवट्यावर तळवा ठेवायची. देवाला हात जोडायच्या आधी. देवाला राग येत असेल तर येवो, ती म्हणायची, त्यानं डबी पाठवली म्हणून तर मी त्याच्यापुढं उभी आहे.

पण एवढ्यानं तिचं मन भरणार नव्हतं. तिला ओळीत उतरायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की या वर्षी रोवणी नाही. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभं राहा, फिरा, हलकं काम करा. दिवाळीनंतर तपासणीला या, सगळं ठीक दिसलं तर कापणीला विळा धरा. झालं, शकुबाईनं दिवाळीवर डोळा ठेवला. रोवणीत टोळी अन्नपूर्णानं सांभाळली आणि ओळ पार वाकडी गेली, असं शकुबाईचं मत. तिनं धुऱ्यावरून सांगितलंही. पण धुऱ्यावरून ओरडणं वेगळं आणि चिखलात मधोमध उभं राहून हाक घालणं वेगळं. एक हंगाम गेला, ठीक. दुसराही गेला तर टोळी आपली राहणार नाही, हे तिला दिसत होतं. उघड बोलली नाही, पण रात्रंदिवस तिला तेवढी एकच काळजी होती.

आता पोचूबद्दल. पोचूची बांधी शकुबाईच्या बांधीला लागून, मध्ये एक धुरा. पन्नाशीचा माणूस, बायको चार वर्षांपूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. जंगल त्याच्याच बांधीला भिडलेलं, त्यामुळे रानडुकरं आधी त्याच्याकडे उतरतात. डुकरांचा कळप शिरला की पोटरीत, म्हणजे लोंबी धरायच्या बेतात आलेला धान नुसता लोळवून टाकतो. म्हणून पोचूनं झटका मशीन घेतली होती. सौर पाटीवर चालणारी बॅटरीची पेटी, तिच्यातून धानाभोवती फिरवलेली वायर. डुकराचं नाक लागलं की झटका बसतो, ते मरत नाही पण परत फिरकत नाही. अशा मशिनी आता गावोगावी आहेत. पोचू संध्याकाळी चालू करायचा, सकाळी बंद.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी शकुबाईला यादीच दिली होती, कशापासून लांब राहायचं. तिच्यात झटका मशीनची वायर होती. दोन हात लांब, असं त्यांनी बजावलं होतं. ही गोष्ट शकुबाईच्या डोक्यात इतकी पक्की बसली होती, की पोचूच्या धुऱ्याजवळून जाताना ती वायरीकडे साप दिसावा तशी बघायची.

दसऱ्यानंतरचा मंगळवार. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. शकुबाई धुऱ्यावर गवत कापत होती, वायर हातभर अंतरावर. ऊन चढलं होतं. एकाएकी छातीत असा काही दणका बसला, की जणू आतून कुणी लाथ मारली. विळा हातातून उडाला आणि ती धुऱ्यावर बसकण मारून पडली. थोडा वेळ तिला काही सुचलं नाही. मग श्वास आला, आकाश दिसलं, हात हलले. पहिल्यांदा तिनं काय केलं असेल, तर चहूकडे पाहिलं, कुणी बघितलं तर नाही ना. कुणी नव्हतं. मग तिनं वायरीकडे पाहिलं, आणि सगळा हिशेब क्षणात जुळला. दिवसाढवळ्या मशीन चालू! हिनंच आपल्याला धरलं!

घरी सांगावं, तर नथ्थू नागपूरला फोन लावणार. डॉक्टरीणबाई म्हणणार, बाई, आता शेतात पाऊलच टाकायचं नाही. गेला विळा, गेली कापणी, गेली टोळी. शकुबाईनं कपडे झटकले, विळा उचलला आणि तरातरा पोचूच्या घरी गेली. तो अंगणात दोर वळत बसला होता.

"पोचूभाऊ, तुमच्या वायरीनं आता मले झटका देल्ला. दिवसा मशीन चालू ठेवता? माणसं मारता का?"

पोचूनं दोर खाली ठेवला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं. तिच्या तोंडाकडे तो निरखून बघत राहिला.

"कुठी लागला झटका, बाई? हाताले?"

"छातीत. अजून दुखून राह्यली."

"बसा. पाणी प्या."

"पाणी नोको मले. वायर काढा इकडची. अन् ऐका, हे नथ्थूले सांगू नका. कोणालेच सांगू नका. सांगा, नाई सांगत म्हणून."

पोचूनं खाली ठेवलेला दोर बाजूला सारला. मग म्हणाला, "नाई सांगत."

माणूस निमूटपणे कबूल झाला की अपराधीच असणार, असं शकुबाईला वाटलं. आणि ती शकुबाई, गप्प थोडीच बसणार! आपल्याला झटका बसला एवढं सोडून बाकी सगळं तिनं बोअरिंगवर सांगितलं, पिठाच्या चक्कीवर सांगितलं, दुकानात सांगितलं. पोचू दिवसा मशीन चालू ठेवतो. एखाद्याचं लेकरू जाईल, गाय जाईल, तेव्हा डोळे उघडतील. दोन दिवसांत गावात पोचूकडे तिरपं बघायला लागले. सोमाजीनं त्याला भर रस्त्यात विचारलंही. पोचू "हो, काढतो" म्हणाला आणि त्याच दुपारी शकुबाईच्या बाजूची सगळी वायर गुंडाळून घरी घेऊन गेला. पुढचे चार दिवस तो संध्याकाळपासून बांधीत डबा बडवत बसायचा. तरी एका पहाटे डुकरं आली आणि अर्धा एकर धान लोळवून गेली. शकुबाईनं सकाळी ते पाहिलं. तिला चांगलं नाही वाटलं. पण तिनं स्वतःला सांगितलं, ज्याचं त्याच्या कर्मानं.

त्याच दिवशी रंजीता घरी आली. म्हणाली, तपासणीची तारीख अलीकडे आली आहे, परवाच नागपूरला जायचं.

"दिवाळीनंतर होती ना वं?"

"अलीकडे आली. चला, लवकर झालं तं लवकर विळा भेटन तुमाले."

हे शकुबाईला पटलं. ती नवं लुगडं नेसून निघाली. सोबत नथ्थू आणि रंजीता. एसटीत खिडकीशी बसून तिनं ब्रह्मपुरीपर्यंत दोन्ही बाजूंच्या धानावर शेरे मारले. कुणाचं वाण पातळ, कुणाच्या ओळी वाकड्या. तिला वाटत होतं, आज परवानगी घेऊनच येणार.

दवाखान्यात तंत्रज्ञानं तिच्या छातीवर एक चपटं यंत्र टेकवलं आणि पडद्याकडे पाहत राहिला. मग त्यानं डॉक्टरीणबाईंना हाक मारली. त्या आल्या, त्यांनी पाहिलं, आणि खुर्ची ओढून शकुबाईजवळ बसल्या.

"बाई, मागच्या मंगळवारी सकाळी दहा वाजून बावीस मिनिटांनी तुम्ही कुठं होता?"

शकुबाईनं मान वाकवून डबीकडे पाहिलं. डबी आपल्या छातीत बसून दिवस, तास, मिनिटं लिहून ठेवते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, तेव्हा ती दुसरीकडे बघत असेल. तिनं नथ्थूकडे पाहिलं. तो काहीच न कळून उभा होता.

"शेतात होती," ती म्हणाली. "बाजूच्याची वायर लागली. त्यानं दिवसा चालू ठेवली होती, मॅडम. आता काढली त्यानं."

"वायरीला हात लागला होता?"

"हात... नाई. जवळ होती मी."

"आठवून सांगा. आधी दणका बसला, की आधी डोळ्यांपुढं अंधारी आली?"

शकुबाई आठवायला लागली. इतक्या दिवसांत तिनं हे स्वतःलाही विचारलं नव्हतं. दणक्याच्या आधी काय होतं? गवताची मूठ हातात होती. मग गवत धूसर झालं होतं. धुरा हलल्यासारखा झाला होता, कान बंद झाले होते, आणि आता पडते की काय असं वाटत असताना...

"आधी अंधारी आली," ती हळूच म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. सरळ चाललेली एक ओळ, ठोका, ठोका, ठोका. मग एकदम तिचा गुंता झालेला, पोरानं पाटीवर गिरगटून ठेवावं तसा. त्यानंतर एक उंच रेघ. आणि पुन्हा ठोका, ठोका, ठोका.

"वायरीचा झटका इथं वेगळा दिसतो. हा वायरीचा नाही. हा गुंता म्हणजे तुमचं हृदय रक्त ढकलायचं सोडून नुसतं थरथरत होतं. असं दोन-चार मिनिटं चाललं असतं तर तुम्ही आज इथं नसता. ही उंच रेघ तुमच्या यंत्राची आहे. त्यानं दणका दिला आणि हृदय पुन्हा चालू केलं. पंधरा-सोळा सेकंदांत."

 नथ्थू भिंतीशी जाऊन खाली बसला. त्यानं टोपी काढून तोंडावर धरली आणि त्याचे खांदे हलायला लागले. शकुबाईनं पस्तीस वर्षांत त्याला रडताना पाहिलं नव्हतं. तिचा हात आपोआप खांद्याखालच्या उंचवट्यावर गेला. मी मेली होती, तिच्या मनात आलं. धुऱ्यावर, हातात गवत घेऊन, मेली होती. आणि हिनं मला माघारी आणलं, आणि मी उठून पहिल्यांदा काय केलं, तर भांडायला गेली.

रक्त तपासलं. सूज उतरवणाऱ्या गोळ्यांमुळे अंगातला एक क्षार फार कमी झाला होता. रक्ताची मधली तपासणी शकुबाईनं बुडवली होती, त्या दिवशी टोळीची बैठक होती म्हणून. डॉक्टरीणबाईंनी औषध बदललं, एक नवी गोळी वाढवली, तीन दिवस दवाखान्यात ठेवलं. आणखी काही दिवस असंच गेलं असतं तर दणक्यामागून दणके बसले असते, आणि दर वेळी यंत्र पुरं पडतंच असं नाही, असं त्या म्हणाल्या. विळ्याचं विचारायची शकुबाईला लाज वाटली. त्यांनीच सांगितलं.

"या कापणीला विळा नाही. हे औषध लागू पडलं तर पुढच्या रोवणीचं बघू. धुऱ्यावर उभं राहायला माझी ना नाही, पण एकटीनं जायचं नाही."

इतके महिने जिची भीती होती तीच गोष्ट झाली होती. शकुबाई नुसती "बरं" म्हणाली. नथ्थू आणि रंजीता एकमेकांकडे बघत राहिले, कारण तिच्या तोंडून इतकं छोटं उत्तर त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

परतीच्या एसटीत वडसा मागं पडलं तेव्हा तिनं रंजीताला विचारलं, "तारीख अलीकडे कशी आली वं?"

रंजीता खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आता सांगायले हरकत नाई. पोचूभाऊ आल्ते माह्याकडे, त्याच दिवशी दुपारी. म्हणे, शकुबाईच्या छातीत काहीतरी झालं. ती म्हणते वायर लागली. पण मशीन तं दोन दिवसांपासून चामोर्शीले दुरुस्तीले आहे, बॅटरी बसली. वायरीत करंटच नाई. मंग तिले लागलं काय? मी नागपूरले फोन केला. मॅडम म्हणल्या, लवकर आणा, तारीख कळवतो. तुमी आल्या नसत्या, भांडल्या असत्या, म्हणून तारखेचं सांगतलं. तारीख भेटायलेच सहा दिवस गेले, निघायले अजून दोन. माही तं झोप उडाली होती, बाई."

शकुबाई त्यानंतर चामोर्शी येईपर्यंत बोलली नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान होता. तिनं तो पाहिलाही नाही.

आमटोल्यात कापणीचा एक रिवाज आहे. टोळी पहिल्यांदा उतरते ती टोळीच्या मुकादमबाईच्या बांधीत. तो तिचा मान. मग बाकीच्यांची पाळी, चिठ्ठ्या टाकून. या साली पहिल्या दिवशी सकाळी अठरा बाया विळे घेऊन शकुबाईच्या दारात आल्या. ती धुऱ्यापर्यंत त्यांच्याबरोबर गेली, नथ्थूचा हात धरून, आणि आपल्या बांधीपाशी थांबलीच नाही.

"कुठी चालली वं?" अन्नपूर्णानं विचारलं.

"पोचूभाऊच्या बांधीत. पहिली पाळी त्याची."

"अन् तुही?"

"माही बांधी डुकरं खात नाईत. त्याची खाऊन राह्यली. चला."

पोचू एकटाच विळा घेऊन लोळलेल्या धानाशी झटत होता. आडवा पडलेला धान कापणं म्हणजे दुप्पट काम. चिखलातून एकेक मूठ उचलून सोडवावी लागते. अठरा बाया येताना बघून तो उठून उभा राहिला.

"बाई, माही पाळी नाई. माहा नंबर सोळावा आहे."

"पोचूभाऊ, गप राहा," शकुबाई म्हणाली, आणि बायांकडे वळली. धुरा अरुंद होता, नथ्थू मागून तिला धरून उभा होता. "ऐका वं सगळ्या. मी गावभर सांगतलं की हा माणूस दिवसा मशीन चालू ठेवते. खोटं होतं. मशीन चामोर्शीले होती. मले झटका बसला होता, मी लपवून ठेवला. तो छातीतल्या डबीनं देल्ला होता, कारण माहं काळीज बंद पडून राह्यलं होतं. मी मेलीच होती. डबीनं एकदा वाचवलं. अन् याच्या वायरीचं नाव घेत मी गावभर बोंबलत फिरत होती, तवा हा गपचूप रंजीताकडे गेला, म्हणून मले दुसऱ्यांदा वाचवलं. मशीन दुरुस्त होऊन आली, तरी माह्यापायी यानं या बाजूले वायर लावली नाई; हा अर्धा एकर माह्या तोंडानं खाल्ला. डुकरांनी नाई."

 अन्नपूर्णानं पदर तोंडाला लावला. पोचूला कुठं बघावं कळेना. तो विळ्याचं पातं अंगठ्यानं चाचपत राहिला.

"असं नका बोलू, बाई. झालं ते झालं."

"नाई झालं. मले एक सांगा. मशीन बंद होती, तं तवाच तोंडावर काऊन नाई सांगतलं?"

"तुमचं तोंड पांढरं पडलं होतं. घाबरवलं असतं तं छाती अजून पळाली असती. वायर काढली, तुमी शांत झाल्या. रंजीताले वेळ भेटला."

"अन् मले शब्द देल्ला होता. नाई सांगत म्हणाले होते. तुमी तं शब्द मोडणारे माणूस नाई. सारं गाव सांगते."

पोचूनं मान वर केली. त्याला हे बोलायचं नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं.

"माह्या बायकोनं बी असंच म्हटलं होतं, बाई. पोटात दुखते, पण कोणाले सांगू नका, रोवणी होऊ द्या. मी शब्द देल्ला. सहा महिने कोणालेच सांगतलं नाई. मंग सांगायले गेलो, तं डॉक्टर म्हणले, आता काऊन आणलं?" त्यानं विळा खाली ठेवला. "एकदा शब्द पाळून पाह्यला मी."

शकुबाईला रडू फुटलं. ते लपवायला तिच्यापाशी पदरही मोकळा नव्हता, एक हात नथ्थूच्या हातात आणि दुसरा छातीवर. ती तशीच रडत उभी राहिली, सगळ्या टोळीसमोर. मग ती म्हणाली, "पोचूभाऊ, मी जितके दिवस आहो ना, तितके दिवस तुमच्या बायकोच्या नावानं पहिली पाळी तुमची. टोळी माही राहो का अन्नपूर्णाची राहो."

"त्याचीच राहीन," अन्नपूर्णा म्हणाली. "लिहून ठेवा हवं तं."

बाया धानात उतरल्या. ओळ लावली गेली. पोचूही एका टोकाला बसला. थोड्या वेळानं त्याच्या बाजूची ओळ मागं पडायला लागली, कारण तिथला धान सगळ्यात जास्त लोळलेला होता आणि त्याला डोळे पुसायलाही मध्ये मध्ये थांबावं लागत होतं. शकुबाईनं धुऱ्यावरून ते पाहिलं. तिनं दम भरून घेतला. दम पुरला. तिनं चार बायांची नावं घेऊन हाक घातली, आणि त्या आपापली जागा सोडून पोचूच्या बाजूला सरकल्या.